कळा तिच्या, निर्णय कोणाचा?

आपल्या मराठी भाषेत ‘दिवस भरणे’ हा वाक्प्रचार दोन प्रसंगी वापरला जातो. गर्भवतीचे दिवस भरले म्हणजे घरात नवा जीव येण्याची घटका जवळ आली. आणि एखाद्या माणसाचे दिवस भरले म्हणजे त्याची जाण्याची वेळ झाली. जन्म आणि मृत्यू या दोहोंची वेळ एकाच शब्दाने सांगणाऱ्या आपल्या पूर्वजांना बाळंतिणीच्या खोलीची चांगलीच ओळख होती. ‘बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म’ असे घरातील वडीलधारी माणसे म्हणत, ते काही भाषेला शोभा आणण्यासाठी नव्हे. सुईण उंबऱ्याशी बसून राही, पाणी तापत राही, म्हातारी जपमाळ ओढत राही आणि सारे घर वाट पाही. वाट पाहणे हेच त्या खोलीतले मोठे काम होते.

आज नुसती वाट पाहणे नेहमी शक्य नसते, आणि ते नेहमी योग्यही नसते. मातेचा रक्तदाब चढू लागतो. पाणी जाऊन बराच वेळ लोटला तरी कळा येत नाहीत. दिलेली तारीख उलटून जाते. वारेतून बाळाला पुरेसे पोषण मिळेनासे होते. अशा वेळी बाळाला पोटात राहू देणे हाच मोठा धोका ठरतो, आणि डॉक्टर औषध देऊन कळा सुरू करतात. जुन्या काळी ज्या माता आणि जी बालके या अवस्थेत दगावली, त्यांतील कितीतरी आज या उपायाने वाचतात. यात देवाच्या योजनेत ढवळाढवळ झाली असे मानण्याचे कारण नाही. ८ जानेवारी १९५६ रोजी पोप बारावे पायस वेदनारहित प्रसूतीविषयी बोलले. हव्वेला उद्देशून उत्पत्तीच्या पुस्तकात जे वचन आले आहे, त्याचा अर्थ प्रसूतीच्या वेदना कमी करण्यास मनाई आहे असा होत नाही, हे त्यांनी त्या वेळी स्पष्ट केले.

तेव्हा औषध घ्यावे की घेऊ नये, हा आजचा प्रश्न नाही. प्रश्न निराळा आहे. जे औषध प्रसूतीसाठी मंजूर झालेलेच नाही, ते एखाद्या स्त्रीला प्रसूतीसाठी द्यावे का? आणि द्यायचे झाल्यास, ते तिला न सांगता द्यावे का? अमेरिकेत एका लहानशा गोळीमुळे या प्रश्नाला धार आली. ती हकीगत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण नीतीचा निवाडा वस्तुस्थिती जाणल्यावाचून करता येत नाही.

संधिवाताचे रुग्ण वर्षानुवर्षे वेदनाशामक गोळ्या घेतात आणि त्या गोळ्यांनी पुष्कळांच्या जठरात व्रण होतात. हे व्रण टाळण्यासाठी जी. डी. सर्ल या अमेरिकन कंपनीने मिसोप्रोस्टॉल नावाचे औषध तयार केले. ‘सायटोटेक’ या नावाने विकल्या जाणाऱ्या या औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर १९८८ मध्ये मंजुरी दिली, ती केवळ जठराच्या रक्षणासाठी. परंतु हे औषध प्रोस्टाग्लँडिन वर्गातले आहे. शरीरात स्वाभाविकपणे निर्माण होणारी याच वर्गातील द्रव्ये गर्भाशयाचे मुख मऊ करतात आणि गर्भाशयाला आकुंचित करतात. साहजिकच गर्भवतीने ही गोळी घेऊ नये, असा इशारा तिच्या वेष्टनावर होता. याच गुणामुळे तिचा गर्भपातासाठीही वापर होतो, हे वाचकांना ठाऊक असेल. तो विषय गंभीर आहे, पण तो आजच्या लेखाचा नाही. येथे आपण पूर्ण दिवसांच्या बाळाला सुखरूप जगात आणण्याविषयी बोलत आहोत.

१९९० च्या दशकाच्या आरंभी प्रसूतितज्ज्ञांच्या नियतकालिकांत असे अहवाल येऊ लागले की, या गोळीचा लहानसा तुकडा दिल्यास कळा लवकर सुरू होतात. त्या कामासाठी मंजूर झालेले डायनोप्रोस्टोनचे औषध महाग होते आणि शीतकपाटात ठेवावे लागे. ही गोळी स्वस्त, साध्या कपाटात टिकणारी आणि अधिक जोरकस होती. तिचा वापर झपाट्याने पसरला. यात कायद्याचा भंग होत नव्हता. एखादे औषध कोणत्या कामासाठी विकावे, त्याची जाहिरात कशी करावी, यावर अमेरिकेत प्रशासनाचे नियंत्रण असते. एकदा ते बाजारात आले की डॉक्टर आपल्या विवेकाने दुसऱ्या कामासाठीही ते देऊ शकतो. अशा मंजुरीबाहेरच्या वापराला तेथे ‘ऑफ-लेबल’ म्हणतात.

मात्र गोळी बनवलेली होती जठरासाठी. ती १०० आणि २०० मायक्रोग्रॅमची होती. प्रसूतीसाठी लागणारी मात्रा पुढे अनुभवाने २५ मायक्रोग्रॅम ठरली, म्हणजे एका ग्रॅमचा चाळीस हजारावा भाग. आरंभीच्या वर्षांत याच्या दुप्पट, चौपटही मात्रा दिली गेली. गोळीचे चार किंवा आठ तुकडे करायचे आणि एकेक तुकडा द्यायचा, अशी रीत होती. हाताने केलेले आठ तुकडे सारखे होत नाहीत, हे घरात औषधाची गोळी कधी मोडून पाहिलेल्या कोणालाही कळेल. एकीला कमी, तर दुसरीला अधिक.

अधिक मात्रेचा परिणाम काय होतो? कळ येते तेव्हा गर्भाशय आवळले जाते आणि वारेकडे जाणारा रक्तप्रवाह तेवढ्यापुरता कमी होतो. कळ ओसरली की रक्त पुन्हा वाहू लागते आणि बाळाला प्राणवायू मिळतो. कळ मातेची, पण दोन कळांमधला विसावा बाळाचा असतो. दहा मिनिटांत पाचांहून अधिक कळा सतत येऊ लागल्या, तर हा विसावा नाहीसा होत जातो आणि बाळ गुदमरू लागते. सलाईनमधून दिल्या जाणाऱ्या ऑक्सिटोसिनने असे झाल्यास ते थेंब बंद करता येतात आणि त्याचा अंमल थोड्या वेळात उतरतो. ही गोळी एकदा शरीरात भिनली की परत घेता येत नाही. तिचा अंमल काही तास चालू राहतो आणि तेवढा काळ सावधपणे लक्ष ठेवावे लागते.

जिचे आधीचे बाळंतपण सिझेरियनने झाले आहे, तिच्या बाबतीत संकट आणखी मोठे असते. जुना व्रण त्या ताणाने उसवू शकतो, पिशवी फाटते, माता आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १७ स्त्रियांना ही गोळी दिल्यावर दोघींचा व्रण उसवला, आणि तो अभ्यास तेथेच थांबवावा लागला. २००१ साली वॉशिंग्टन राज्यातील वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या नोंदी तपासण्यात आल्या. पूर्वी सिझेरियन झालेल्या आणि आपोआप कळा आलेल्या हजार स्त्रियांत सुमारे पाच जणींची पिशवी फाटली होती. प्रोस्टाग्लँडिन वर्गाच्या औषधांनी कळा आणलेल्या हजार स्त्रियांत हे प्रमाण चोवीसच्या पुढे होते. १९९९ साली अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने अशा स्त्रियांना ही गोळी देऊ नये असे बजावले. पण तोवर काही वर्षे ती दिली जात होती. ज्यांच्या अनुभवातून हा धडा मिळाला, त्यांतील कितीजणींना आपण धड्याचा भाग आहोत हे ठाऊक होते?

२३ ऑगस्ट २००० रोजी सर्ल कंपनीने अमेरिकेतील डॉक्टरांना पत्र लिहिले. गर्भवतींना ही गोळी देऊ नये, पिशवी फाटणे, ती काढून टाकावी लागणे, माता किंवा बालकाचा मृत्यू होणे अशा घटना कळल्या आहेत, असे त्यात होते. या वापराचा आपण अभ्यास केलेला नाही आणि करण्याचा विचारही नाही, असेही कंपनीने कळवले. प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेने या पत्राला विरोध केला. योग्य मात्रेत, योग्य स्त्रीला दिल्यास हे औषध उपयुक्त आहे, असे तिचे म्हणणे होते. एप्रिल २००२ मध्ये प्रशासनाने माहितीपत्रकात बदल केला, सरसकट मनाई सैल केली, धोके मात्र ठळकपणे नोंदवले. प्रसूतीसाठी मंजुरी दिली नाही. तेथे ती आजही नाही.

या चित्राकडे जरा थांबून पाहावे. कंपनी म्हणते, आम्ही यासाठी गोळी बनवली नाही. प्रशासन म्हणते, डॉक्टरने काय द्यावे हे ठरवणे आमचे काम नाही. डॉक्टर म्हणतो, सगळेच देतात. प्रत्येकाचे म्हणणे आपल्या जागी खरे आहे, आणि तरीही सगळे मिळून जबाबदारी कोणाच्याच पदरात उरत नाही. मग ती उरते कोठे? खाटेवर आडव्या पडलेल्या त्या स्त्रीच्या अंगावर, आणि ज्याला बोलताच येत नाही अशा तिच्या बाळाच्या अंगावर. या साऱ्या व्यवहारात ज्या दोघांना काहीच ठाऊक नाही, तेच दोघे सारा धोका पत्करत असतात.

येथे एक घाईचा निष्कर्ष टाळला पाहिजे. मंजुरी नाही म्हणजे औषध वाईट आणि मंजुरी आहे म्हणजे औषध निर्धोक, असे समीकरण खरे नाही. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत गर्भवतींना डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल नावाचे औषध दिले जात असे. त्याला १९४७ पासून रीतसर मंजुरी होती. त्याचा काही उपयोग होत नाही, हे १९५३ साली शिकागो येथील चाचणीत दिसले, तरीही ते दिले जात राहिले. आणि १९७१ साली कळले की, ज्या मातांनी ते घेतले त्यांच्या काही मुलींना तरुणपणीच दुर्मीळ कर्करोग होत आहे. याउलट, अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसे सक्षम व्हावीत म्हणून मातेला स्टिरॉइडची इंजेक्शने देतात. न्यूझीलंडमधील दोन डॉक्टरांनी १९७२ साली त्यांचा गुण सिद्ध केला आणि तेव्हापासून असंख्य बालके वाचली. पण अमेरिकेत त्या कामासाठी त्यांना प्रशासनाची मंजुरी घेतली गेलेली नाही. मंजुरीचा शिक्का उपयोगाचा आहे, परंतु सद्सद्विवेकाचे काम तो करू शकत नाही.

मिसोप्रोस्टॉलचेही असेच झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली २५ मायक्रोग्रॅमची गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली आणि २०११ साली पूर्ण विचारांती अल्प मात्रेत तिची शिफारस केली. पूर्वी सिझेरियन झालेल्या स्त्रीला ती देऊ नये, ही अट कायम ठेवून. आपल्या नागपुरातील दोन सरकारी रुग्णालयांत २०१३ ते २०१५ या काळात रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. एका गटाला २५ मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडाने दिली, दुसऱ्या गटात फुग्याच्या नळीने पिशवीचे तोंड उघडले. गोळी घेतलेल्या शंभरांतील ५७ जणींची चोवीस तासांत नैसर्गिक मार्गाने सुटका झाली, तर दुसऱ्या गटातील शंभरांपैकी ४७ जणींची. रक्तदाबाने गर्भवती दगावतात अशा आपल्या देशात ही गोष्ट सामान्य नाही. तीच गोळी, पण मोजकी मात्रा, निवडलेल्या स्त्रिया, पाहणारे डोळे, आणि आधी मागितलेली संमती.

याच्या उलट बाजूही त्याच सुमारास दिसत होती. फ्रान्सच्या औषध यंत्रणेने २०१३ साली सायटोटेकच्या अशा वापराविरुद्ध इशारा दिला आणि २०१८ साली ते तेथील बाजारातून काढून घेण्यात आले. जर्मनीत २०२० साली वृत्तपत्रांनी या गोळीनंतर इजा झालेल्या माता-बालकांच्या हकीगती छापल्या, आणि तेथील यंत्रणेला डॉक्टरांना सावध करणारे पत्र काढावे लागले. त्या हकीगतींत एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: आम्हाला कोणी सांगितले नाही.

माझ्या मते साऱ्या प्रश्नाचे मर्म या एका वाक्यात आहे. धोका नसलेले औषध जगात नाही आणि धोका पत्करल्याशिवाय जन्मही नाही. पण ज्याच्या अंगावर धोका आहे, त्याला तो जाणण्याचा हक्क सर्वांच्या आधी आहे. सप्टेंबर १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधनाच्या नैतिक मर्यादांविषयी बोलताना पोप बारावे पायस यांनी हेच तत्त्व मांडले होते: रुग्ण जेवढा अधिकार देईल तेवढाच डॉक्टरला त्याच्यावर असतो; आणि रुग्णही आपल्या देहाचा निरंकुश मालक नसल्यामुळे वाटेल तो अधिकार देऊ शकत नाही. म्हणजे डॉक्टर विश्वस्त, आणि माताही विश्वस्त. एका विश्वस्ताने दुसऱ्याला अंधारात ठेवून ठेव हाताळावी, हे कोणत्या हिशेबात बसते?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये एका स्त्रीच्या शस्त्रक्रियेसंबंधी निकाल देताना सांगितले की, उपचाराचे स्वरूप, हेतू, धोके आणि पर्याय समजावून मिळालेली संमतीच खरी संमती होय. त्या प्रकरणात स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईने होकार दिला होता. तो पुरेसा मानला गेला नाही. हे आपल्या घरांनी विशेष ध्यानात घ्यावे. प्रसूतिगृहात कागदावर सही करतो नवरा किंवा सासू. जिच्या पोटात कळा उठणार, तिला अनेकदा कोणी विचारतही नाही.

आणि घाई केवळ डॉक्टरचीच असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुलगा जहाजावर किंवा आखातात नोकरीला. महिन्याची रजा घेऊन आलेला. रजा संपण्याआधी बाळाचे तोंड पाहावे, बाप्तिस्मा उरकूनच जावे, असे त्याला वाटते, आणि त्यात त्याचे प्रेमच असते. ‘डॉक्टर, या आठवड्यात मोकळी करून टाका ना’, अशी विनंती मग घरूनच जाते. कोणी सणाची तारीख साधू पाहतो, कोणी रविवार टाळू पाहतो. डॉक्टरच्याही सोयी असतात. अशा दोन सोयींची गाठ पडली की मधली स्त्री गप्प बसते. जिवाला धोका आहे म्हणून घेतलेली जोखीम आणि रजा संपते आहे म्हणून घेतलेली जोखीम, या दोहोंत गोळी तीच असते, मात्राही तीच असते. तरी नीतीच्या तराजूत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

एक आक्षेप येईल. अडलेल्या बाईला असे धोके सांगत बसलात तर ती घाबरेल. आणि सरकारी दवाखान्यात एकेका डॉक्टरमागे इतक्या बाया असताना सांगायला वेळ कोठे? आक्षेप खोटा नाही. कळा सुरू झाल्यावर सांगण्यात काही अर्थ नाही, हे मान्य. पण नऊ महिने ती तपासणीसाठी येत असते. त्या भेटींत चार वाक्ये बोलता येतात. आणि भीतीविषयी म्हणाल, तर स्त्रिया बाळंतपणाला भीत भीतच सामोऱ्या जात आल्या आहेत. सत्य ऐकून त्या कोसळतील, ही काळजी बहुधा सांगणाऱ्याच्या संकोचातून येते. ज्या बाईवर आपण एका जिवाचा भार टाकतो, तिला एक वाक्य पेलणार नाही असे कसे म्हणावे?

म्हणून घरातील लेकीसुनेचे दिवस भरत आले की तिच्यासोबत जाणाऱ्याने नम्रपणे काही गोष्टी विचाराव्यात. कळा आणण्याची गरज कशामुळे आहे? थांबले तर काय होईल? कोणते औषध देणार, ते या कामासाठी बनवलेल्या मात्रेतले आहे की मोडलेला तुकडा? बाळाच्या ठोक्यांवर लक्ष कोण ठेवणार, आणि गरज पडल्यास तातडीने शस्त्रक्रिया येथेच होईल का? पूर्वीचे सिझेरियन असेल तर ते न विचारताही सांगावे. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी दुखावत नाही. त्याचा भार हलका होतो, कारण आता निर्णय त्याच्या एकट्याचा राहत नाही. मात्र या प्रश्नांची उत्तरे सोबतच्या माणसाने आपल्याजवळ ठेवू नयेत. ती तिच्यासमोर विचारावीत आणि तिला कळेपर्यंत विचारावीत.

मराठीत धीर धरण्याला ‘कळ काढणे’ म्हणतात. हा शब्दही बाळंतिणीच्या खोलीतूनच आला असावा असे मला नेहमी वाटते. प्रसंगी कळ आणावी लागते, प्रसंगी कळ काढावी लागते; यांतले कोणते कधी, हे ठरवताना त्या कळा जिच्या आहेत, तिला विचारल्यावाचून ठरवू नये.